‘एलीट’मध्ये अंतर फुकट मिळत नाही

‘एलीट’ हा अवकाशातल्या व्यापाराचा संगणकीय खेळ सुरू होतो तेव्हा खेळाडूच्या हाती शंभर क्रेडिट (हे खेळातले चलन), कोब्रा मार्क थ्री जातीचे एक यान, यानाच्या नाकावर बसवलेला एक साधा पल्स लेझर, तीन क्षेपणास्त्रे आणि सात प्रकाशवर्षे पुरेल एवढे इंधन असते. यान लेव्ह नावाच्या ग्रहाजवळच्या अवकाशस्थानकात उभे असते आणि यापुढे काय करायचे याबद्दल खेळ चकार शब्द काढत नाही. कुणी येऊन कामगिरी सोपवत नाही, बाण दाखवून वाट सुचवली जात नाही, पडद्याच्या कोपऱ्यात गुणही साठत नाहीत. बाजारभावांचा एक तक्ता, जवळच्या ताऱ्यांचा एक नकाशा आणि बाहेर पडण्याची एक कळ, एवढ्या सामग्रीवर आपले आपण ठरवायचे असते. खेळाला चाळीस वर्षे उलटून गेली, तरी मी तो अधूनमधून उघडते आणि दर वेळी ठरवलेल्यापेक्षा उशिरा बंद करते. जुन्याचे कौतुक म्हणून एखादा खेळ थोडा वेळ सहन करता येतो, पण तो इतका वेळ धरून ठेवत नाही. तेव्हा या खेळात आजही चालणारे नेमके काय आहे, हे एकदा नीट मांडावे असे वाटले.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी केंब्रिज विद्यापीठात शिकत असताना हा खेळ लिहिला आणि सप्टेंबर 1984 मध्ये ‘अकॉर्नसॉफ्ट’ने तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी बाजारात आणला. त्या यंत्राची एकूण मेमरी 32 किलोबाइट होती. पडद्यावरच्या चित्रासाठी आणि यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी लागणारी जागा तीतून वजा केली, की खेळाच्या वाट्याला बाविसेक किलोबाइट येत. हा लेख साधा मजकूर म्हणून साठवला तरी तो एवढ्या जागेत मावणार नाही, कारण देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते. अकॉर्नसॉफ्टकडे जाण्यापूर्वी या दोघांनी दुसऱ्या एका बड्या कंपनीला खेळ दाखवला होता. खेळाडूला तीन आयुष्ये असावीत आणि डाव दहाएक मिनिटांत संपावा, अशा अपेक्षेने तिने तो परत पाठवला. त्या काळचे बहुतेक खेळ नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरून घेतलेले होते, त्यामुळे अशी अपेक्षा ठेवण्यात वावगे काही नव्हते. मात्र ‘एलीट’चा सगळा जीव त्या दहा मिनिटांपलीकडे होता.

या खेळाची स्तुती करताना लोक प्रथम त्याच्या आकाराकडे बोट दाखवतात. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रह, म्हणजे एकूण 2048 ग्रह आणि तेही बाविसेक किलोबाइटमध्ये, ही गोष्ट थक्क करणारी आहे यात शंका नाही, आणि ती कशी साधली याकडे मी पुढे येणारच आहे. तरीसुद्धा आकारामुळे हा खेळ टिकला असे मला वाटत नाही. आकाराच्या बाबतीत त्याला मागे टाकणारे खेळ केव्हाच येऊन गेले. ‘एलीट’ टिकला तो त्यातल्या अंतराला किंमत असल्यामुळे. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाण्यासाठी इथे पैसा, वेळ, लक्ष आणि कधी कधी सगळी जमा पुंजी मोजावी लागते. म्हणून जवळजवळ रिकाम्या, नुसत्या रेषांनी काढलेल्या त्या जगातले एखादे स्थानक दृष्टीस पडले की खरोखर कुठेतरी पोहोचल्यासारखे वाटते.

पहिल्या खेपेचा हिशेब पाहिला की हे लगेच लक्षात येते. इंधन प्रकाशवर्षाला दोन क्रेडिट या भावाने मिळते, म्हणजे रिकामी टाकी पूर्ण भरायला चौदा क्रेडिट लागतात. शंभरातले चौदा ही काही लहान रक्कम नाही. लेव्ह हा शेतीप्रधान ग्रह असल्यामुळे तिथे अन्नधान्य टनाला चार क्रेडिटच्या आसपास मिळते. यानात वीस टन माल मावतो, तेव्हा ऐंशीच्या घरात पैसे घालून यान भरता येते आणि हाती फुटकळ रक्कम उरते. एखाद्या औद्योगिक ग्रहावर हेच धान्य सहा-सात क्रेडिटने खपते, म्हणजे सगळे सुरळीत पार पडले तर एका खेपेला पन्नास-साठ क्रेडिट सुटतात. येताना त्या ग्रहावरून यंत्रे किंवा संगणक आणावेत तर त्यांचे भाव इतके चढे, की सुरुवातीच्या भांडवलात जेमतेम दोन-तीन टन येतात. दुसरीकडे मोठे मालकोठार चारशे क्रेडिटला, बीम लेझर हजाराला आणि स्थानकात आपोआप शिरवणारा डॉकिंग संगणक दीड हजाराला. हे आकडे वाचताना खेळाडूच्या डोक्यात आपोआप एक बेत शिजू लागतो: आधी कोठार घ्यावे की लेझर, जवळच्या सुरक्षित ग्रहांवर चार खेपा जास्त माराव्यात की लांबच्या श्रीमंत ग्रहापर्यंत एकदाच धाडस करावे. हा बेत खेळाने आखून दिलेला नसतो, आणि म्हणूनच तो मोडला की वाईट वाटते.

भाव ठरवण्याची पद्धत पाहिली तर ती अगदी साधी आहे. प्रत्येक मालाची एक मूळ किंमत, त्यात ग्रहाच्या अर्थव्यवस्थेनुसार पडणारी भर किंवा घट आणि दर भेटीत थोडी बदलणारी अनिश्चितता, एवढेच तिचे घटक आहेत. मालाचे प्रकार फक्त सतरा. तुम्ही कितीही धान्य आणून ओतले तरी पुढच्या खेपेला त्या ग्रहावरचा भाव त्यामुळे पडत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा पोरखेळच म्हणायचा. पण तो प्रवासाला कारण पुरवतो, आणि इथे त्याचे काम तेवढेच आहे.

खरा प्रवास हायपरस्पेसमधून, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या झेपेतून, बाहेर पडल्यावर सुरू होतो. इतर अनेक खेळांत नकाशावर बोट ठेवले की आपण थेट त्या जागी उभे असतो. इथे हायपरस्पेसची उडी तुम्हाला ग्रहापासून दूर, मोकळ्या अवकाशात आणून सोडते आणि ग्रह समोर एका लहानशा वर्तुळासारखा दिसतो. तिथून स्थानकापर्यंतचे अंतर यानाच्या स्वतःच्या वेगाने कापायचे. त्यासाठी एक जलद उडी आहे, ‘जे’ ही कळ दाबली की यान बरेच अंतर एकदम पुढे सरकते. मात्र आसपास दुसरे कोणतेही यान असेल तर ही उडी चालत नाही. कळ दाबल्यावर यान पुढे सरकण्याऐवजी नुसता नकाराचा आवाज आला, की आसपासची याने दाखवणाऱ्या स्कॅनरकडे नजर जाते आणि तिथे एक-दोन ठिपके दिसतात. ते व्यापारी असतील, शिकारी असतील किंवा चाचे असतील. ते आपल्या दिशेने वळेपर्यंत काहीच कळत नाही. कोठारात वीस टन माल आणि बँकेत सात क्रेडिट अशा अवस्थेत ते काही क्षण जसे जातात, तसे कितीही भव्य चित्रांनी नटलेल्या खेळात माझे गेलेले नाहीत. खेळ साठवण्याची सोय फक्त स्थानकातच आहे, त्यामुळे वाटेत यान फुटले की मागल्या स्थानकापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हजार क्रेडिटची सुटका-कुपी घेतलेली असेल तर जीव वाचतो, विम्यातून नवे यानही मिळते, पण माल जातो तो जातोच.

आता डॉकिंगविषयी. या खेळातली सर्वांत बदनाम आणि माझ्या मते सर्वांत चांगली गोष्ट हीच. कोरिओलिस स्थानक हे अवकाशात स्वतःभोवती संथपणे फिरणारे एक बहुफलक आहे. त्याच्या एकाच बाजूला आत शिरण्याची अरुंद आयताकृती फट असते आणि ती बाजू नेहमी ग्रहाकडे तोंड करून असते. म्हणून स्थानक दिसताच त्याच्यावर चाल करून जाण्यात अर्थ नसतो. आधी स्थानक आणि ग्रह यांच्यामध्ये जाऊन उभे राहायचे, मग वळून स्थानकाकडे तोंड करायचे आणि फट बरोबर मधोमध येईपर्यंत यान थोडे थोडे सरळ करायचे. वळणेदेखील सोपे नाही, कारण या यानाला डावीकडे-उजवीकडे थेट वळताच येत नाही. ते फक्त आपल्या लांबीच्या अक्षाभोवती लोळण घेऊ शकते आणि नाक वर किंवा खाली करू शकते. डावीकडचे काही गाठायचे असेल तर आधी लोळण घेऊन ते डोक्यावर आणायचे आणि मग नाक वर उचलायचे. बीबीसी मायक्रोच्या कीबोर्डवर लोळण्यासाठी स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा, नाक खाली-वर करण्यासाठी ‘एस’ आणि ‘एक्स’, वेग वाढवायला स्पेसबार आणि कमी करायला प्रश्नचिन्हाची कळ. फट जवळ येऊ लागली की तिच्या फिरण्याच्या गतीशी आपली लोळण जुळवायची. ती एकदा जुळली की स्थानक स्थिर वाटू लागते, आजूबाजूचे तारे फिरू लागतात आणि फट आडवी होऊन पडद्यावर मोठी मोठी होत जाते. अंदाज चुकला आणि वेग जास्त असला तर यानाच्या ठिकऱ्या उडतात, वेग अगदी कमी असेल तर धक्क्यावर निभावते.

नवख्या माणसाला हा निव्वळ छळ वाटतो आणि अनेकांनी इथेच खेळ सोडून दिला असेल. मात्र हा छळ काढून टाकला तर काय उरते हे पाहण्याची सोय खेळातच आहे. डॉकिंग संगणक विकत घेतला की एक कळ दाबून आत शिरता येते. कमोडोर 64 या दुसऱ्या संगणकावरील आवृत्तीत तर हे यंत्र चालू असताना योहान श्ट्राऊसचे ‘ब्लू डॅन्यूब’ वाजते. पहिल्या काही वेळा फार बरे वाटते. नंतर स्थानके ही स्थानके न राहता खरेदी-विक्रीच्या याद्या होऊन बसतात. हाताने यान आत नेणाऱ्याला प्रत्येक स्थानक आठवते, कारण तिथे पोहोचण्यापूर्वी त्याने श्वास रोखून धरलेला असतो.

या ग्रहांची निर्मिती कशी होते हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. दोन हजार ग्रहांची माहिती साठवायला यंत्रात जागाच नव्हती, म्हणून ती साठवलेलीच नाही. प्रत्येक आकाशगंगेसाठी सहा बाइटांचे, म्हणजे सोळा-सोळा बिटांच्या (बिट म्हणजे 0 किंवा 1 एवढाच अंक) तीन संख्यांचे एक बीज आहे. तिन्ही संख्यांची बेरीज करायची, पहिली संख्या टाकून द्यायची, उरलेल्या दोन एकेक घर पुढे सरकवायच्या आणि ही बेरीज तिसरी म्हणून बसवायची. फिबोनाची श्रेणीत मागच्या दोन संख्यांवरून पुढची मिळते, त्याचाच हा तीन संख्यांचा भाऊबंद. बेरीज सोळा बिटांच्या बाहेर गेली की वरचा भाग गळून पडतो, त्यामुळे संख्या कुठच्या कुठे उड्या मारत राहतात आणि बघणाऱ्याला त्यांत क्रम सापडत नाही. ही क्रिया चार वेळा केली की पुढच्या ग्रहाचे बीज तयार होते. त्या सहा बाइटांच्या निरनिराळ्या तुकड्यांवरून ग्रहाचे नकाशावरील स्थान, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञानाची पातळी, लोकसंख्या आणि नाव हे सगळे ठरते. नावासाठी दोन-दोन अक्षरांच्या एकतीस जोड्यांची यादी आहे आणि बीजातले काही बिट त्यांतल्या जोड्या निवडतात. ‘एल-ए’ आणि ‘व्ही-ई’ या जोड्या शेजारी आल्या की लेव्ह, ‘डी-आय’ आणि ‘एस-ओ’ आल्या की डीसो. गणित एकच असल्यामुळे जगातल्या प्रत्येक संगणकावर लेव्ह त्याच जागी, त्याच राज्यपद्धतीसह सापडतो, आणि म्हणूनच ज्यांची कधी गाठ पडली नाही असे दोन खेळाडूही एकाच प्रदेशाविषयी बोलू शकतात.

केवळ गणिताने काढलेली माहिती असती तर तिचा लवकरच कंटाळा आला असता. ब्रेबेन आणि बेल यांनी तिच्यात एक समंजस दुरुस्ती केली. ग्रहावर अराजक किंवा सरंजामशाही असेल तर अर्थव्यवस्थेच्या आकड्यातला एक विशिष्ट बिट बळजबरीने चालू केला जातो, आणि त्याचा परिणाम असा होतो की असा ग्रह कधीही श्रीमंत असू शकत नाही. तंत्रज्ञानाची पातळी राज्यपद्धती आणि अर्थव्यवस्था यांच्यावर अवलंबून, लोकसंख्या या तिन्हींवर अवलंबून. एका बिटाच्या त्या दुरुस्तीने आकड्यांना तर्क आला. नकाशावर रीडक्वॅट या ग्रहासमोर ‘अराजक’ असे वाचले की तिथे चाचे जास्त असणार हे खेळाडू ओळखतो आणि खेळही त्याला खोटे पाडत नाही. दुसरीकडे, उडीचा पल्ला सात प्रकाशवर्षांचाच असल्यामुळे काही वाटा अशा धोकादायक ग्रहांवरूनच जातात. आपल्याला हवा असलेला श्रीमंत ग्रह आणि आपण यांच्यामध्ये एखादा बदनाम ग्रह पडला, की नकाशा नुसता नकाशा राहत नाही.

आकाशगंगा आठच का, याचे उत्तरही गमतीदार आहे. एका आकाशगंगेतून दुसरीत जाताना बीजाच्या प्रत्येक बाइटमधले बिट एक घर डावीकडे फिरवले जातात. बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे आठव्या उडीनंतर माणूस पुन्हा पहिल्या आकाशगंगेत येतो. मुळात दोघांचा विचार 2 चा 48वा घात, म्हणजे सुमारे 281 लाख कोटी आकाशगंगा ठेवण्याचा होता. एवढा पसारा दाखवला तर हे सगळे यंत्राने काढले आहे हे उघडे पडेल, म्हणून प्रकाशकांनी आकडा कमी करायला लावला. मला हा निर्णय अतिशय शहाणपणाचा वाटतो. 256 ग्रहांची आकाशगंगा माणसाच्या डोक्यात राहू शकते, तिच्यात ओळखीच्या वाटा आणि टाळायच्या जागा तयार होऊ शकतात. एका आकाशगंगेत एका ग्रहाचे नाव चारचौघांत उच्चारता न येण्यासारखे निघाले म्हणून ती अख्खी आकाशगंगाच बाद करावी लागली, असाही किस्सा सांगतात. दोन-दोन अक्षरे जुळवत बसणाऱ्या यंत्राला लाज कुठून असणार!

कॅसेटऐवजी फ्लॉपी डिस्कवर मिळणाऱ्या आवृत्तीत या ग्रहांना एकेका वाक्याचे वर्णनही मिळते. तेही बीजावरून जुळवलेले असते. लेव्ह हा त्याच्या विस्तीर्ण वर्षावनांसाठी आणि झाडांवरच्या एका अळीसाठी प्रसिद्ध आहे. लीस्टीची ख्याती शून्य गुरुत्वाकर्षणात खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटसाठी आहे. ग्रहावर उतरता येत नाही, त्यामुळे ते वर्षावन किंवा ते क्रिकेट कधीच दिसत नाही, आणि चेंडू टप्पा कसा घेत असेल या विचारात मात्र माणूस बराच वेळ घालवतो.

दिसणारे जग किती थोडे आहे! यानांच्या आकृत्या नुसत्या रेषांच्या, ग्रह म्हणजे वर्तुळ आणि त्यावर एखादी वक्ररेषा, तारे म्हणजे पुढून मागे सरकणारे पंधरा-वीस ठिपके. पण या थोडक्या गोष्टी अत्यंत अचूक आहेत. यानाच्या ज्या बाजू आपल्याकडे नाहीत त्यांच्या रेषा गाळल्या जातात, त्यामुळे आकृती घन वाटते आणि ते यान आपल्याकडे येते आहे की पळते आहे हे नेमके कळते. रेषा काढताना आणि पुसताना एकच युक्ती वापरलेली आहे: तीच रेषा त्याच जागी दुसऱ्यांदा काढली की ती नाहीशी होते, कारण प्रत्येक ठिपक्याची अवस्था नुसती उलटी केली जाते. त्याच काळातली दुसरी कसरत म्हणजे पडदा मध्येच बदलणे. वरचा भाग बारीक पण एकरंगी आणि खालचा यंत्रफलक जाडाभरडा पण चाररंगी असे चित्र ते यंत्र एका वेळी दाखवूच शकत नव्हते. म्हणून चित्र वरून खाली उमटत असताना, टायमरच्या साहाय्याने नेमक्या क्षणी यंत्राची पद्धत पालटली जाते, आणि हे सेकंदाला पन्नास वेळा होते.

त्या यंत्रफलकाच्या मध्यभागी असलेला स्कॅनर ही माझ्या मते या खेळाची सर्वांत मोठी देणगी आहे. एक लंबवर्तुळ, त्यात प्रत्येक यानासाठी एक ठिपका आणि ठिपक्यापासून त्या प्रतलापर्यंत जाणारी एक उभी काठी. काठी वर गेलेली असेल तर यान आपल्या वर, खाली लोंबत असेल तर खाली. सपाट पडद्यावर तीन मितींतली जागा दाखवण्याचा इतका सरळ उपाय त्यानंतरच्या कितीतरी अवकाशखेळांनी जसाच्या तसा उचलला. हा स्कॅनर वाचायला कुणी शिकवत नाही. मागून हल्ला झाला, मागची ढाल उतरू लागली, की एका झटापटीत तो समजतो.

कायद्याच्या बाबतीतही खेळ असाच बोलघेवडेपणा टाळतो. बाजाराच्या यादीत धान्य, कापड आणि यंत्रांच्या रांगेतच गुलाम, अमली पदार्थ आणि शस्त्रे असतात, आणि त्यांच्यापुढे कोणतीही सूचना नसते. त्यांत नफा चांगला असतो. असा माल घेऊन स्थानकाबाहेर पडले की तुमची नोंद गुन्हेगारांत होते, आणि ती वाढत गेली तर फरारी म्हणून पोलिसांची व्हायपर याने मागे लागतात. दर हायपरस्पेस उडीनंतर गुन्ह्याचा आकडा निम्मा होतो, म्हणजे दूर निघून गेले की लोक हळूहळू विसरतात. गुलामांची खरेदी-विक्री इतक्या निर्विकारपणे मांडलेली पाहून आज अस्वस्थ वाटते, आणि वाटावेच. निष्पाप व्यापाऱ्याला लुटायचे की नाही हा प्रश्नही पडद्यावर कधी येत नाही. त्याचे यान समोर दिसते, लेझर तयार असतो आणि तुमच्या कोठारात जागा रिकामी असते.

याचा अर्थ या खेळात उणिवा नाहीत असा नव्हे. सर्वांत मोठी उणीव अशी, की जगात काही घडत नाही. डिस्क आवृत्तीतल्या दोन कामगिऱ्या सोडल्या तर कथा म्हणावी असे काही नाही. खोक्यात रॉबर्ट होल्डस्टॉक यांची एक लघुकादंबरी दिलेली होती, ती कदाचित याचीच भरपाई म्हणून. दुसरी उणीव पैसा जमल्यानंतरची. चांगला लेझर, जादा ऊर्जा आणि इंधन गोळा करण्याची सोय एवढे हाताशी आले, की पूर्वी छाती धडधडवणारे तेच ठिपके निमूट मरायला येऊ लागतात. सूर्याजवळून यान घासून नेत इंधन भरता येते, ही कल्पना सुरेख आहे, पण तिच्यामुळे इंधनाचे चौदा क्रेडिटही वाचतात आणि खेळाची मूळ कळच ढिली पडते. शेवटी उरते ती पदवी. ‘निरुपद्रवी’पासून सुरू होणाऱ्या नऊ पायऱ्यांतली शेवटची पायरी ‘एलीट’, आणि ती 6400 याने पाडल्यावर मिळते. मधल्या ‘धोकादायक’ या पायरीनंतरचा भाग हा माझ्या दृष्टीने चिकाटीचा प्रश्न आहे, खेळाचा नाही. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्याविषयी आदर बाळगून मी तिथे थांबते.

या उणिवा ब्रेबेन यांना दिसत होत्याच. 1993 मध्ये आलेल्या ‘फ्रंटियर’ या पुढच्या भागामध्ये ग्रहांवर उतरता येत होते, कक्षा खऱ्या प्रमाणात होत्या आणि यानाची गती न्यूटनच्या नियमांनी चालत होती. कागदावर ती सर्व बाबतींत सुधारणा होती. पण न्यूटनच्या नियमांनी लढाई म्हणजे दोन दगड एकमेकांजवळून सुसाट जाणे आणि परत वळायला बराच वेळ लागणे, असे होऊन बसले. मोठे अंतर कापताना काळ वेगाने पुढे ढकलण्याची सोय द्यावी लागली, आणि ती दिल्यावर प्रवास पुन्हा वगळण्याची गोष्ट झाली. 2016 मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ने 2 च्या 64व्या घाताएवढे ग्रह दिले, तेही बीजांवरूनच काढलेले. त्यातले सूर्यास्त फार देखणे आहेत, मला तो खेळ आवडतोही. मात्र तिथे एका कळीवर यान आपोआप जमिनीवर टेकते, आणि पाहिलेल्या ग्रहांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही. ‘एलीट’मधले लेव्ह, डीसो, लीस्टी, झाऑन्स आणि रीडक्वॅट मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील, आणि त्यांच्यापैकी कोणत्या दोघांमध्ये धान्य न्यायचे हेही.

आज खेळून पाहायचे असेल तर अडचण नाही. इयन बेल यांनी खेळाच्या अनेक जुन्या आवृत्त्या आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवल्या, आणि बीबीसी मायक्रोचे अनुकरण करणारी सॉफ्टवेअरे ब्राउझरमध्येही चालतात. रेषांची चित्रे अगदीच सोसवत नसतील त्यांनी ‘ऊलाइट’ हा चाहत्यांनी नव्याने लिहिलेला मोफत खेळ घ्यावा, त्यात नियम बहुतांशी तेच आहेत आणि याने भरीव दिसतात. मूळ खेळ घेणार असाल तर डिस्क आवृत्ती घ्या, कारण ग्रहांची वर्णने, जास्त जातींची याने आणि त्या दोन कामगिऱ्या तिच्यातच आहेत. पहिल्या काही खेपा लेव्हच्या आसपासच माराव्यात, चारशे क्रेडिट जमताच मोठे कोठार घ्यावे, त्यानंतर बीम लेझर. बाहेर पडल्या पडल्या, माल न भरता, मागे वळून स्थानकात परत शिरण्याचा सराव करावा, म्हणजे फुटले तरी नुकसान होत नाही. चांगला लेझर हाती येईपर्यंत रीडक्वॅटच्या वाटेला जाऊ नये. डॉकिंग संगणकाचे दीड हजार जमले तरी ते दुसऱ्या कशावर तरी खर्च करावेत.